मुघलांसाठी ओरडलो, डार्विनसाठी गप्प का?

२०२३च्या एप्रिलमध्ये आपल्यापैकी बहुतेकांचे स्टेटस एकाच विषयाने भरले होते. एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांवरचा धडा काढून टाकला होता. आपण चिडलो, आणि ते चिडणं रास्तच होतं. ताजमहालाचे आणि लाल किल्ल्याचे फोटो टाकले, ‘इतिहास मिटता नहीं’ असं लिहिलं, इन्स्टावर रील्स केल्या. इतिहासाची पानं फाडणाऱ्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पण त्याच कात्रीने, ‘रॅशनलायझेशन’ या त्याच गोंडस नावाखाली, दहावीच्या विज्ञानाची पानंही कापली गेली होती. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव आता नुसतं ‘आनुवंशिकता’ आहे. जीवाश्म गेले, सजीवांची एकमेकांशी नाती कशी शोधतात ते गेलं, माणसाची उत्क्रांती गेली, डार्विनची चौकटही गेली. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा अख्खा धडा गेला. ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकाराने निघालेल्या निषेधपत्रावर देशभरातल्या १८००हून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या.

आणि आपण? आपल्या शिक्षणसंस्था, आपल्या तंजीम, आपले यूट्यूब चॅनेल? मोर्चा राहू द्या, यांच्यापैकी कुणी एक साधी पोस्ट टाकल्याचंही मला आठवत नाही. उलट काही ग्रुपांवर दबक्या आवाजात समाधानच होतं. चला, सरकारने एक तरी काम चांगलं केलं, बच्चों के दिमाग से बंदर तो निकला.

हे समाधान मला त्या कात्रीपेक्षा जास्त भयंकर वाटतं. ज्या लोकांनी तुमचा इतिहास पुस्तकातून काढला त्याच लोकांनी तुमच्या मुलांचं विज्ञान काढलं. पहिल्यासाठी तुम्ही त्यांना शिव्या दिल्या आणि दुसऱ्यासाठी मनातल्या मनात शाबासकी.

एनसीईआरटीचं उत्तर तयार होतं. मुलांवरचा बोजा कमी करायचा होता, आवर्त सारणी अकरावीत आहे, उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, काहीच हरवलेलं नाही. ऐकायला बरं वाटतं. पण बारावीचं जीवशास्त्र घेतं कोण? दहावीपर्यंत विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असतं, त्यानंतर फक्त सायन्सला जाणाऱ्यांना, आणि त्यातही मॅथ्स घेऊन जीवशास्त्र सोडणारे वेगळे. आता आपल्या मोहल्ल्याकडे बघा. दहावीनंतर कोण गॅरेजमध्ये जातो, कोण लूमवर जातो, कोण आयटीआयला, कोण कॉमर्सला. कितीतरी मुलींची शाळाच दहावीला संपते. या सगळ्यांसाठी दहावीचं विज्ञान हे आयुष्यातलं शेवटचं विज्ञान असतं. ‘बारावीत आहे’ याचा अर्थ ज्यांच्याकडे क्लासची फी भरायला पैसे आहेत त्यांच्यासाठी आहे. म्हणजे या कात्रीचा घाव सगळ्यांत खोल आपल्यालाच बसतो, आणि त्यावर आपणच खूश.

आपल्या राज्याच्या बोर्डाच्या पुस्तकात अजून हा विषय आहे. दहावीच्या विज्ञान भाग २चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. पण राज्यातल्या शाळा सीबीएसईच्या धर्तीवर नेण्याची भाषा सुरू आहे. तेव्हा हा धडा किती दिवस तिथे राहील याची खात्री मी कुणाला देणार नाही.

आता जरा २०१८कडे जाऊ, औरंगाबादला. जानेवारीत तिथे एक वैदिक संमेलन भरलं होतं. केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे आधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते आणि स्वतः रसायनशास्त्र शिकलेले आहेत, तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, आपल्या पूर्वजांपैकी कुणीही माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना चूक ठरवलं. आपणही त्यांची यथेच्छ टिंगल केली.

पण त्यांचं म्हणणं पुन्हा एकदा वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा, हे याआधी कुठे ऐकलं होतं? जुम्म्याच्या बयानात ऐकलं होतं. टीव्हीवरच्या सूट-टाय घातलेल्या वक्त्याकडून ऐकलं होतं. ‘किसी ने देखा है क्या बंदर को इन्सान बनते हुए?’ सभागृहात टाळ्या. वैदिक संमेलनातला मंत्री आणि आपल्या जलशातला वक्ता यांचं एकमेकांशी कशावरही पटणार नाही, पण या एका मुद्द्यावर ते सख्खे भाऊ आहेत. दोघांचा प्रश्न एक, युक्तिवाद एक, आणि दोघांनीही दहावीचा तो धडा नीट वाचलेला नाही हेही एकच.

टिंगलीचंच बोलायचं तर आपण फार निवडक टिंगल करतो. २०१४ साली पंतप्रधानांनी मुंबईत डॉक्टरांसमोर गणपतीच्या मस्तकाचा संबंध प्लास्टिक सर्जरीशी जोडला, आपण हसलो. २०१५च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, आपण हसलो. २०१९ला जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरव हे टेस्ट ट्यूब बेबी असल्याचं सांगितलं, आपण पोट धरून हसलो. आणि त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर ‘बिग बँग कुरआन में चौदह सौ साल पहले’ असा व्हिडिओ आला तेव्हा ‘सुब्हानल्लाह’ लिहून तो पुढे पाठवला. या दोन गोष्टींत फरक काय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. शोध दुसऱ्याने लावायचा, दुर्बीण त्याने बांधायची, रात्री त्याने जागवायच्या, आणि निकाल छापून आला की आपण म्हणायचं, हे तर आमच्याकडे आधीपासूनच होतं. आधीपासून होतं तर आधी का नाही सांगितलं? या व्हिडिओवाल्यांपैकी एकानेही आजवर शोध लागण्याआधी येऊन ‘उद्या अमुक सापडणार आहे’ असं सांगितलेलं नाही.

या धंद्याचं मूळही बघण्यासारखं आहे. ‘उत्क्रांती खोटी’ हा माल आपण इस्लामी समजून वापरतो, पण तो बराचसा अमेरिकन आहे. तिथल्या कट्टर ख्रिश्चन सृष्टिवाद्यांनी तो तयार केला. १९८०च्या दशकात तुर्कस्तानच्या शिक्षणखात्याने त्यांच्याशी संपर्क साधला, त्यांची पुस्तकं तुर्कीत आली, आणि तिथून अदनान ओक्तार ऊर्फ हारून याह्या या गृहस्थाने ती उचलून त्यावर इस्लामी वेष्टन चढवलं. फक्त पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे हा भाग त्याने गाळला, कारण आपल्याला त्याची गरज नव्हती. त्याचा ‘ॲटलस ऑफ क्रिएशन’ हा आठशे पानांचा, पाच-सहा किलोंचा गुळगुळीत रंगीत ग्रंथ २००७च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आणि शाळांना फुकट पोचवला गेला. त्यात ‘हा किडा लाखो वर्षांत बदललेला नाही’ म्हणून छापलेला एक फोटो म्हणजे मासे पकडायचं खोटं आमिष निघालं. गळाचा आकडासुद्धा फोटोत दिसत होता! रिचर्ड डॉकिन्सने ते दाखवून दिल्यावर जगभर हसं झालं. ओक्तारला २०१८मध्ये अटक झाली, आणि लैंगिक अत्याचारांसह अनेक गुन्ह्यांत हजारो वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. त्याचे व्हिडिओ मात्र उर्दू डबिंगसह अजून आपल्या फोनमध्ये फिरतात. ज्याला त्याच्या देशाने तुरुंगात टाकलं त्याच्याकडून आपण जीवशास्त्र शिकतोय.

‘थिअरी आहे हो, फॅक्ट नाही,’ हा दुसरा आवडता डायलॉग. इथे भाषेचीही थोडी गंमत आहे. मराठीत आपण ‘उत्क्रांतीचा सिद्धांत’ म्हणतो. त्या शब्दातच ‘सिद्ध’ आहे. उर्दूत तोच ‘नजरिया-ए-इर्तिका’ होतो. नजरिया म्हणजे बघण्याची दृष्टी, मत. उर्दू माध्यमातल्या पोराला वाटतं की हा कुण्या डार्विनसाहेबांचा नजरिया आहे, माझा नजरिया वेगळा असू शकतो. पण विज्ञानात थिअरी म्हणजे चहाच्या टपरीवरचा अंदाज नव्हे. खूप वेगवेगळ्या पुराव्यांना एकत्र बांधणारं, पुनःपुन्हा तपासलेलं आणि तपासात टिकलेलं स्पष्टीकरण म्हणजे थिअरी. जंतूंमुळे रोग होतात हीही थिअरीच आहे. ती नुसता नजरिया आहे म्हणून कुणी गटाराचं पाणी पीत नाही.

‘माकडं अजून माकडंच का आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही घरात मिळेल. तुमचा आणि तुमच्या चुलतभावाचा दादा एक होता. म्हणून तुम्ही चुलतभावापासून जन्मला नाहीत, आणि तुम्ही जन्मलात म्हणून चुलतभाऊ नाहीसा झाला नाही. चिंपांझी आपला बाप नाही, तो लांबचा चुलता आहे. हे एवढं साधं असताना बारा-बारा वर्षं शिकलेली माणसं तोच प्रश्न टाळ्यांसाठी विचारत राहतात.

‘कुणी पाहिलंय?’ याचं उत्तर जरा सविस्तर देतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या तिघांतही २४. मग आपला आणि त्यांचा पूर्वज एकच असेल, तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे एकच शक्यता उरते, दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असणार. आणि तसं असेल तर त्याची खूण राहायला हवी. गुणसूत्राच्या टोकांना बुटाच्या लेसच्या टोपणासारखा डीएनएचा एक ठरावीक क्रम असतो. दोन लेस टोकाला टोक लावून जोडल्या तर ती टोपणं मधोमध सापडायला हवीत. १९९१मध्ये शास्त्रज्ञांना आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आत, जिथे ती असण्याचं एरवी काहीच कारण नाही तिथे, ती टोपणं समोरासमोर जोडलेली सापडली. पाहणं म्हणजे फक्त डोळ्यांनी पाहणं नव्हे. खून होताना न्यायाधीशाने पाहिलेला नसतो, तरी तो पुराव्यावर निकाल देतो. मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांना हे सांगावं लागावं ही गंमतच.

‘मधले दुवे सापडलेच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच उपखंडाची जमीन बघावी. जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून देवमासे कसे झाले, याचा जगातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा पाकिस्तानातल्या खडकांत, जम्मू-काश्मीरच्या कालाकोटमध्ये आणि कच्छमध्ये सापडला आहे. पाकिसेटस, ॲम्ब्युलोसेटस, इंडोह्यस ही नावं ऐकली आहेत का? लॉस एंजेलिसच्या पोरांनी ती संग्रहालयात पाहिलेली असतात. आपल्याकडे ती चारचौघांना माहीत नाहीत, कारण धडा शिकवायची वेळ आली की सर म्हणतात, हे ऑप्शनला टाका.

पण पुरावे, जीवाश्म, गुणसूत्रं हे सगळं बाजूला ठेवा. गोवंडीत या, भिवंडीत या. टीबीचा पेशंट नसलेली गल्ली तिथे शोधावी लागेल. टीबीच्या पेशंटला सहा महिने औषधं घ्यावी लागतात, पहिले दोन महिने चार-चार औषधं एकत्र. का? खोकला तर महिनाभरात कमी होतो, वजनही वाढू लागतं. मग एवढ्या गोळ्या कशाला? याचं उत्तर तुम्ही अभ्यासक्रमातून हाकललेल्या त्याच धड्यात आहे. आजारी फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात. ते दुप्पट होताना त्यांच्या डीएनएत चुका होतात, कुठल्याही हेतूशिवाय. त्यातल्या एखाद्या चुकीमुळे एखादा जंतू एखाद्या औषधाला दाद देत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो उरतो. आता मैदान त्याचंच. थोड्याच काळात सगळे जंतू त्याची औलाद असतात. चार औषधं एकदम दिली तर चारही औषधांना पुरून उरेल असा एकच जंतू असण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते. म्हणून चार गोळ्या. आणि पेशंटने बरं वाटलं म्हणून, किंवा कारखान्यातून सुट्टी मिळत नाही म्हणून, मध्येच कोर्स सोडला की अर्धवट मारा सोसून उरलेले जंतू पुन्हा फोफावतात. पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. २०१२च्या सुरुवातीला मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली की ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध लागू पडत नव्हतं.

नैसर्गिक निवड म्हणजे हेच. ती गॅलापागोसच्या बेटावर होते तशी बैंगनवाडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतही होते. ज्या बाईला हे दहावीत नीट शिकवलं गेलं असेल, ती नवऱ्याचा कोर्स तिसऱ्या महिन्यात सुटू देणार नाही. २०२०च्या अखेरीस आपल्या देशात पहिल्यांदा आढळलेला कोरोनाचा डेल्टा विषाणू पुढच्या काही महिन्यांत जुन्या विषाणूंना मागे टाकून जगभर पसरला तो याच नियमाने. तुम्ही डार्विनला माना अथवा न माना, जंतू मानतात.

आता कुणी म्हणेल, उत्क्रांतीवर वाद घालणं वेगळं आणि औषध-लस वेगळी. नाही, वेगळी नाही. आपल्या शाळांत, आणि फक्त आपल्याच नव्हे, शिक्षकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘परीक्षेपुरतं लिहा, मानायची गरज नाही.’ हे वाक्य मला उघड नकारापेक्षा घातक वाटतं. जो शिक्षक सरळ म्हणतो की हे खोटं आहे, त्याच्याशी पोरगी वाद तरी घालू शकते. पण ‘लिही, मानू नको’ यातून ती काय शिकते? विज्ञान म्हणजे मार्क मिळवायची भाषा, खरं ते घरी वेगळं असतं. एकदा ही फाळणी डोक्यात झाली की ती एका धड्यापुरती राहत नाही. पुढे आई झाल्यावर तिच्या फोनवर ‘ये टीका बच्चों को बांझ बनाने की साजिश है’ असा मेसेज येतो, तेव्हा तो मेसेज तपासायचं हत्यार तिच्याकडे नसतं. ते तिने उत्तरपत्रिकेसोबत जमा करून टाकलेलं असतं.

२०१८च्या अखेरीस राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा हेच मेसेज फिरले. २०२२च्या शेवटच्या महिन्यांत गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवर पसरला. मुंबई आणि आसपास दहाहून अधिक लेकरं गेली. गोवरची लस नऊ महिन्यांनी आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. हा रोग इतका वेगाने पसरतो की वस्तीतल्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळालेली असेल तरच तो थांबतो. दहा घरांनी नाही म्हटलं की अकराव्या घरातलं अजून नऊ महिने न झालेलं बाळ धोक्यात येतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नंतर टीव्हीवाले हेच उचलतात. त्या लेकरांचे जीव फक्त अफवेने गेले नाहीत. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरण थंडावलं होतं. वस्त्या दाटीच्या, पोरं कुपोषित, दवाखाने अपुरे. आणि आपल्या भीतीलाही इतिहास आहे. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी आपल्या आजोबांनी पाहिली आहे. लादेनला शोधण्यासाठी सीआयएने ॲबटाबादमध्ये लसीकरणाचं नाटक केलं, हेही खरं आहे. सरकारवर संशय घेण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण सरकारवर संशय घ्यायचा तर त्याचे आकडे मागा, औषधाची बॅच तपासा, माहितीचा अधिकार वापरा, डॉक्टरला प्रश्न विचारा. पोराच्या दंडाशी वैर कशाला? पोलिओच्या वेळी हेच घडत होतं. मग अलीगढ, जामिया, आणि खुद्द उलेमा पुढे आले, मशिदीच्या भोंग्यावरून डोसाची तारीख पुकारली गेली, आणि १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालात सापडलेली पोलिओची केस या देशातली शेवटची ठरली. म्हणजे आपल्याला जमतं. प्रश्न इच्छेचा आहे.

संशयाची गोष्ट निघालीच आहे तर तीही बोलून टाकू. नाकारणारे स्वतःला शंका घेणारे म्हणवतात. ‘हम तो सवाल पूछ रहे हैं!’ पण शंका कशी घ्यावी, याची फार मोठी परंपरा आपल्याकडे आहे. अल-राझीने एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘शुकूक’ आहे, जालीनूसवरच्या शंका. जालीनूस म्हणजे गॅलेन, त्या काळातला वैद्यकाचा बादशहा. पुढे इब्न अल-हैसमने दुसरं लिहिलं, बतलीमूसवरच्या शुकूक. बतलीमूस म्हणजे टॉलेमी, खगोलशास्त्राचा बादशहा. या दोघांनी थोरांच्या ग्रंथांत काय चुकलं ते निरीक्षणाने आणि गणिताने दाखवलं, आणि इब्न अल-हैसमने तर प्रकाशावरचं आपलं म्हणणं प्रयोग करून तपासलं. शंका घेणारा पुरावा आला की मत बदलतो. नाकारणारा आधी निकाल ठरवतो आणि पुरावा आला की पुराव्यालाच काफिर ठरवतो.

दर डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘इस्लाम का सुनहरा दौर’ असं नाटुकलं बसवायचं, इब्न सीनाला दाढी लावून स्टेजवर उभं करायचं, आणि त्याच शाळेची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात ठेवायची, हे आता पुरे. आणखी एक मोह टाळायला हवा. बसऱ्याच्या अल-जाहिझने नवव्या शतकात प्राण्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि त्यात प्राण्यांच्या जगण्याच्या झगड्यावर फार बारकाईने लिहिलं. मग लगेच पोस्टर येतं: ‘डार्विनच्या हजार वर्षं आधी मुसलमानाने उत्क्रांती शोधली.’ नाही शोधली. अल-जाहिझ थोर होता, त्याला थोर ठरवायला डार्विनचा कोट घालायची गरज नाही. हे पोस्टर आणि प्राचीन विमानं एकाच कारखान्यातून निघतात.

ज्यांना दीनची काळजी वाटते त्यांनी इमाम गझालींना तरी वाचावं. फिलॉसॉफर लोकांवर एवढी कडक टीका करणारे गझाली ‘तहाफुत’च्या सुरुवातीलाच सांगतात की ग्रहणं कशी होतात याचा हिशेब गणिताने पक्का झालेला आहे, आणि धर्माचं रक्षण म्हणून जो त्याच्याशी भांडायला जातो तो धर्माचंच नुकसान करतो. कारण ज्याला हिशेब समजलेला आहे तो हिशेबावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल. हे अकराव्या शतकातलं. चौदाव्या शतकात आंदालुसियाचे अल-शातिबी सांगून गेले की कुरआनातून सगळी शास्त्रं ओढून काढू नका. हे कुणी डाव्या विचारांचे प्रोफेसर नव्हते.

‘मग हजरत आदमचं काय?’ हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्या पोरावर हसणाऱ्या पुरोगाम्यांचाही मला तितकाच राग येतो. त्याला ‘तुम लोग कभी नहीं सुधरोगे’ म्हणून पाठ फिरवणं हा आळस आहे. या प्रश्नावर गंभीर काम चाललं आहे. शोएब अहमद मलिक यांचं गझालींचा आधार घेऊन उत्क्रांतीचा विचार करणारं पुस्तक २०२१मध्ये आलं आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १८८०च्या दशकात, त्रिपोलीचे आलिम हुसैन अल-जिस्र यांनी लिहिलं होतं की हा सिद्धांत पक्क्या पुराव्याने सिद्ध झालाच तर आयतींचा अर्थ त्याच्याशी जुळवून लावता येईल. त्यांच्या त्या पुस्तकाचा गौरव खुद्द सुलतान अब्दुल हमीदने केला होता. जॉर्डनच्या राना दजानी हिजाब घालून विद्यापीठात उत्क्रांती शिकवतात आणि विद्यार्थ्यांना सांगतात की माझ्याशी सहमत झालंच पाहिजे असं नाही, पण पुरावा समजून घ्यावाच लागेल. इराणसारख्या देशातही शाळेत उत्क्रांती शिकवतात. आणि तुर्कस्तानने, ज्याच्या मालिका बघून आपली पोरं एर्तुगरुलची टोपी घालतात, २०१७मध्ये नववीच्या पुस्तकातून ती काढली. कारण दिलं की मुलांची समज अजून तेवढी नाही. ‘समज नाही’ आणि ‘बोजा होतो’, अंकारा आणि दिल्ली यांची भाषा किती जुळते बघा.

उलेमांनी आयतींच्या अर्थावर बोलावं, तो त्यांचा विषय आहे. गुणसूत्रांवर बोलायचं असेल तर आधी गुणसूत्रं शिकून यावं. आणि बायोलॉजीच्या सरांनी वर्गात फतवा देऊ नये, ना आदमवर, ना डार्विनवर. त्यांना पगार धडा शिकवायचा मिळतो.

सर सय्यदांनी १८६४मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती पुढे अलीगढला नेली, पाश्चात्त्य ग्रंथांची उर्दूत भाषांतरं करवून घेतली. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथे १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उघडलं आणि विज्ञानाचं उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झालं. त्यासाठी शेकडो पारिभाषिक शब्द घडवावे लागले. शंभर वर्षांपूर्वी जी कौम आपल्या भाषेत विज्ञान आणायला शब्द पाडत बसली होती, तिच्या नातवंडांनी धडा गेला म्हणून ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहावं?

राज्यात आपल्या ट्रस्टच्या शाळा काही कमी नाहीत. त्यांच्यावर ना एनसीईआरटीचं दडपण, ना सत्यपाल सिंहांचं. जून उजाडला की तुमच्या धाकट्या भावाच्या, बहिणीच्या शाळेत जा. विज्ञान भाग २चं पुस्तक उघडा, पहिला धडा. तो कोणी शिकवला, किती तासिका घेतल्या, प्रयोगशाळेचं कुलूप मागच्या वर्षी किती वेळा उघडलं, हे हेडमास्तरांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांना लेखी विचारा. ते चिडतील. चिडू द्या. मुघलांच्या धड्यासाठी त्यांनी पेपरात दिलेल्या निवेदनाची झेरॉक्स सोबत जोडा.